तीन पाण्यांची साल

अक्का, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात संत्र्याच्या सालींची पिशवी अजून तशीच आहे. तुम्ही जाऊन आज चौदा दिवस झाले. कालपर्यंत घरात माणसं होती, स्वयंपाकघर माझ्या ताब्यात नव्हतं, आणि फ्रिज उघडणाऱ्या प्रत्येकीनं "हे काय, साली? टाकून देऊ?" असं विचारलं. मी प्रत्येकीला नको म्हटलं. एकीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलं असावं. आज सकाळी पिशवी काढून ओट्यावर ठेवली, आणि गॅस पेटवायच्या ऐवजी वही घेऊन बसले. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती मला एकदम सांगता येत नाही, तिच्यापर्यंत जरा चालत जावं लागेल.

हे लिहून झालं की मुक्ताला आणि ईशानला पाठवणार आहे. माझी ही नातवंडं कॅनडात वाढली, त्यांना मराठी वाचता येतं, सावकाश का होईना. वाचायला मी शिकवलं. बोलायला मात्र त्यांना तुम्ही शिकवलंत, दर उन्हाळ्यात इथे आल्यावर. म्हणून तर मुक्ता अजून फोनवर "आजी, मी आत्ताच घरी आलो" म्हणते. कोल्हापूरच्या बायका स्वतःला अशाच बोलतात, पुरुषासारख्या. मी जन्मभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि घरी तुमचं मराठी दुरुस्त केलं. "अक्का, आलो नाही, आले." तुम्ही म्हणायच्या, "आलो काय न् आले काय, दारातच हाय की मी." पोरांसाठी लिहिते आहे म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगेन. कंटाळू नका.

मुलांनो, अक्का माझी थोरली जाऊ. भावजी गेल्यावर कोडोलीची शेती वाट्यानं देऊन ती आमच्याकडे कोल्हापुरात राहायला आली, एक ट्रंक आणि फडक्यानं तोंड बांधलेल्या पाच बरण्या घेऊन. तिला मूल नव्हतं. तुमचे आजोबा गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच होतो.

अक्का, त्या पाच बरण्यांवरून आपलं पहिलं भांडण झालं. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि भरल्याची तारीख. तुमच्या बरण्यांवर काहीच नव्हतं. "यात काय आहे?" मी विचारलं. "उघडून बग की," तुम्ही म्हणालात. उघडल्या. एकीत लाल भोपळ्याच्या सालीची तीळ घातलेली सुकी चटणी. एकीत डाळिंबाची वाळलेली साल, खोकल्याला. एकीत आंब्याच्या साली, मिठात वाळवलेल्या. चौथीत साधं लिंबाचं लोणचं, आणि पाचवीत ते काळपट, चमकणारं, चिकट काहीतरी, ज्याला तुम्ही गोज्जू म्हणालात. तुमचं माहेर सीमेकडचं, निम्मे शब्द कानडी. संत्र्याच्या सालीचं गोज्जू. मी चमचाभर चाखलं, आंबट, गोड, तिखट, आणि सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, कडवटपणाची एक बारीक रेघ. मला ते फार आवडलं. पण मी काय म्हणाले ते आठवतं ना? मी म्हणाले, "चांगलं आहे. पण आमच्याकडे साली गुरांना घालतात."

तुम्ही हसलात. "गुरं शाणी असत्यात," म्हणालात, आणि बरण्या खालच्या कपाटात नेऊन ठेवल्यात.

मी सफरचंद सोलायची ते तुम्ही बघत बसायच्या. मला एका धाग्यात साल काढता यायची, न तुटता, आणि त्याचा मला अभिमान होता. मुलांच्या ताटलीत पांढऱ्या फोडी जायच्या आणि ती लांब लाल साल तुम्ही उचलून तोंडात घालायच्या. "अक्का, फोड घ्या ना." "दात न्हाईत मला." साल चावायला दात होते, फोडीला नव्हते. कलिंगडाचा लाल गर मुलांना, आणि हिरव्या सालीच्या आतला पांढरा भाग किसून तुमचं थालीपीठ. केळ्याच्या साली वाफवून, लसूण आणि दाण्याचं कूट घालून परतायच्या, आणि वर जेवणाऱ्याला सांगायच्याच नाहीत. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका एकदा जेवायला आल्या होत्या. त्यांनी ती भाजी दोनदा मागून घेतली आणि कसली आहे म्हणून विचारलं. मी घाईघाईनं "केळफुलाची" म्हणून सांगितलं. त्या गेल्यावर भांडी विसळताना एवढंच म्हणालात, "केळीचंच हाय म्हना. लई खोटं न्हाय बोललीस."

फवारणीचा वाद तर आपण संपवलाच नाही. मी म्हणायची, अक्का, आता साली पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, त्यांच्यावर औषधं मारतात, सफरचंदाला मेण लावतात. तुम्ही कोमट पाण्यात मीठ घालून फळं भिजत ठेवायच्या, काथ्यानं चोळायच्या, आणि संत्री घ्यायची ती फक्त हातकणंगल्याहून येणाऱ्या त्या एकाच बाईकडून, कारण तिच्या मळ्यातली चार झाडं तुम्ही जाऊन बघून आला होतात. तरी माझं समाधान नव्हतं. अजून नाही. त्या बाबतीत माझं बरोबर होतं असं मला आजही वाटतं, आणि तुम्ही समोर असतात तर आज पुन्हा भांडले असते.

मग एक दिवस पेपरात एक लेख आला, इंग्रजी पेपरात, की फळांच्या सालीतच जास्त चोथा असतो, जीवनसत्त्वं असतात, ती टाकू नयेत. मी तो कात्रीनं नीट कापून तुम्हाला वाचून दाखवला, भाषांतर करत.

"कोन म्हनतं?" तुम्ही विचारलंत.

"पेपरात आलंय. डॉक्टरांनी लिहिलंय."

"मंग आता खाशील," तुम्ही म्हणालात. "मी सांगत हुतो तवा नुसती साल हुती. आता इंग्रजीत आली."

त्या दिवसापासून मी सफरचंद सालीसकट खाऊ लागले. पण तुमचं बरोबर होतं, हे शब्द मी उच्चारले नाहीत. लेखाचं कात्रण फाइलीला लावलं, बस्स.

साल खायची सवय कशी लागली ते तुम्ही मला फक्त एकदा सांगितलंत, तेही मटार सोलता सोलता, माझ्याकडे न बघता. तुमच्या घरी चार भाऊ आणि तुम्ही धरून तीन बहिणी. वडील बाजारातून कधीमधी फळ आणायचे. आई सोलायची. गर भावांच्या ताटात, साली पोरींच्या. "पयल्यांदा रडायचो आमी. मंग आईच म्हनली, रडून गोड हुतीया का? गूळ घाला. मंग गूळ घातला." एवढंच. मी म्हणाले, "अक्का, किती वाईट." तुम्ही म्हणालात, "वाईट कशापाय? भावास्नी अजून गोज्जू येत न्हाय."

त्या सात भावंडांतली बाकी सगळी आता गेली. आईकडून तुमच्याकडे आलेली ती एकच वस्तू होती, अक्का, ते गोज्जू. सोनं नाही, भांडं नाही, जमीन तर नाहीच. टाकायच्या सालीला चव आणायची रीत, तेवढी तुमची. हे मी इतक्या सविस्तर लिहिते आहे, कारण मी काय केलं ते त्याशिवाय कळणार नाही.

मुक्ता सहा वर्षांची असताना तिनं तुम्हाला विचारलं होतं, "तुम्ही साल का खाता? आत संत्रं असतं." तुम्ही तुमचं दातांचं उत्तर दिलंत. तिनं एक फोड घेतली, वरचा पापुद्रा काढला, बी काढलं, आणि तुमच्या मांडीवर बसून ती तुमच्या तोंडात कोंबली. मग दुसरी. तुम्ही ओठ मिटून घेतले तर तिनं नाक दाबलं. अख्खं संत्रं खाल्लंत तुम्ही त्या दुपारी, पदरानं तोंड पुसत. त्या दिवसापासून तुम्ही तिच्या गोज्जूआजी झालात, आणि तिला परत जाताना कपड्यांच्या घडीत एक बरणी मिळू लागली.

तर मागच्या हिवाळ्यात मुक्ताचा फोन आला. ती आता कॉलेजसाठी वेगळी राहते. "गोज्जूआजीची रेसिपी पाठव ना. मी करतो इथे." तुम्ही किती हरखलात. अंगणातल्या खुर्चीवर बसून सांगू लागलात आणि मी वहीत इंग्रजीत उतरवू लागले, कारण मुक्ताला ते सोपं पडेल. तुमचं सांगणं म्हणजे, मूठभर, चिमूटभर, अंदाजानं. मी प्रत्येक ठिकाणी थांबवून वाट्या आणि चमचे ठरवले. मला वाटत होतं की मी तुमची रीत नेटकी करते आहे.

तुम्ही म्हणालात, "साल बारीक चिरायची. मंग तीन पाण्यातनं काढायची."

मी लिहिलं, साल चिरावी आणि तीन वेळा स्वच्छ पाण्यानं धुवावी.

तांदूळ आपण तीन पाण्यांतून काढतो. पालेभाजी काढतो. कुठल्याही घरात त्याचा अर्थ धुणं असाच होतो, आणि मी तुम्हाला पुढे विचारलं नाही. कारण विचारायची गरज वाटली नाही. आणि वाटली नाही, कारण इतक्या वर्षांत तुम्ही गोज्जू करताना मी एकदाही चुलीपाशी उभी राहिले नव्हते. मी खायची. बघत नव्हते.

आठ दिवसांनी मुक्ताचा फोन. तिनं हळूच सांगितलं, फार कडू झालं, विषासारखं, टाकून दिलं. तुम्ही शेजारीच बसला होतात, कान फोनकडे. फोन ठेवल्यावर तुम्ही विचारलंत, "जमलं का पोरीला?"

मी म्हणाले, "कडू झालं म्हणे."

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी घेऊन बाजारात गेलात आणि संत्री आणलीत. "करून बगतो. कुठं चुकलं ते घावंल." त्या दिवशी मी प्रथमच ओट्याशी उभी राहिले. तुम्ही साल चिरलीत, पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवलीत, खळखळ उकळू दिलीत, आणि ते पिवळं पाणी मोरीत ओतलंत. नवीन पाणी. पुन्हा उकळी, पुन्हा ओतलंत. मग तिसऱ्यांदा. वाफेत तुमचा चष्मा धुरकटला होता. "पयलं पानी कडूपनाचं," तुम्ही म्हणालात. "दुसरं उग्र वासाचं. तिसरं आपल्या मनाच्या समाधानाचं."

मी तिथेच समजले, अक्का. पहिलं पाणी मोरीत पडलं तेव्हाच.

गोज्जू नेहमीसारखं झालं. तुम्ही चाखलंत, मला दिलंत. "हे तर बरं झालंय. मंग पोरीचं कशानं बिगाडलं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तीन शब्दांचं काम होतं: माझं लिहिताना चुकलं. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईनं चुका काढल्या, स्वतःची एक कबूल करायची तर जीभ उचलली नाही. मी म्हणाले, "तिकडची संत्री वेगळी असतील."

तुम्ही पुन्हा चमचा बुडवून चाखलंत. "न्हाय गं," म्हणालात. "सांगतानाच माझं कायतरी ऱ्हायलं. डोस्कं चालंना झालंय आता."

आणि मी ते तसंच राहू दिलं.

त्यानंतर वर्षभर तुम्ही पुन्हा गोज्जू केलं नाहीत. आमटी करताना मला हाक मारू लागलात, "मास्तरीण, मीठ बग गं." आधी कधी विचारलं नव्हतंत. भाकरीचं पीठ मळताना, साधा भात लावताना, "एवढं पानी पुरं ना?" शेजारणीनं भोपळ्याच्या सालीची चटणी विचारली तर म्हणालात, "मला इचारू नगंस बाई, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय." मी खोलीत बसून ऐकत होते. रोज वाटायचं, आज सांगू. मीठ नेहमीच बरोबर असायचं. मी चमचा चाखून "ठीक आहे" म्हणायची आणि पुन्हा माझ्या पुस्तकाकडे जायची. तुम्ही म्हातारपणानं नाही, माझ्यामुळे घाबरत होतात, आणि हे घरात मला एकटीला माहीत होतं.

शेवटी तुम्हाला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण फळं आणायचा. मी तुमच्या उशाशी बसून संत्री सोलायची. दोन फोडींच्या पुढे तुम्हाला जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही डोळे न उघडताच विचारलंत, "साल कुठं हाय?"

"इथेच आहे, पिशवीत."

"टाकू नगंस. घरी ने. पोरीला परत सांगूया. ह्या बारीला नीट सांगतो."

माझ्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, नर्सही नव्हती. यापेक्षा चांगली वेळ मला कोण देणार होतं? आणि मी म्हणाले, "आधी बऱ्या व्हा. मग सांगा सावकाश."

तुम्ही मान हलवलीत. तुम्ही माझं नेहमी ऐकायच्या, मी शिकलेली म्हणून. दोन दिवसांनी तुम्ही गेलात, स्वतःच्या हाताची चव विसरलो असं समजून. मला जे झोपू देत नाही ते हे. मरण नाही, तुमचं वय झालं होतं. हे.

मुक्ता, आता तुझ्यासाठी. गोज्जूआजीचं काहीही चुकलं नव्हतं. तिनं बरोबर सांगितलं, मी चुकीचं लिहिलं. धुवायचं नाही, उकळायचं. साल आतून खरवडून पांढरा भाग काढ, बारीक चीर, पाण्यात उकळ, आणि पाणी टाकून दे. असं तीन वेळा. मग फोडणी, त्यात चिंचेचा कोळ, गूळ, तिखट, मीठ, घट्ट होईपर्यंत आटव. शेवटी भाजलेल्या तिळाचं कूट. साली आधी मिठाच्या कोमट पाण्यात नीट चोळून घे, हेही तिचंच, बजावणं तेवढं माझं. किती वाट्या, किती चमचे ते मी या वेळी लिहीत नाही. इथे आलीस की माझ्याजवळ उभी राहा, आपण बघत बघत करू. आणि तुला कोणी विचारलं की हे कुणाचं, तर आजीचं म्हणू नकोस. कुणाचं ते तुला माहीत आहे.

अक्का, एवढं लिहून उठले. तीन वेळा पाणी काढलं. पहिलं पाणी ओतताना थोडी साल मोरीत गेली. तुम्ही असतात तर वेचून घेतली असती. मीही वेचली. गूळ तुमच्याच डब्यातला, कोडोलीचा. आटत आल्यावर तसाच रंग आला, तो काळपट, चमकणारा.

गार झाल्यावर चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं. मला काही कळेना. कडू आहे की माझं तोंडच कडू आहे, मीठ जास्त आहे की कमी, काहीच समजेना. चमचा हातात धरून मी मागे वळले, तुम्ही बसायच्या त्या पाटाकडे, आणि म्हणाले, "अक्का, मीठ बघा."